कानामागची कातडी

गोमाआत्यावर अन्याय झाला. गोमा म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण, पनवेलच्या खाडीकडच्या आमच्या आळीची धवलारीण. कधी झाला, तर वैशाखात, माझी थोरली बहीण हिरा हिच्या हळदीच्या दिवशी, दुपारची जेवणं उरकून बायका हळद कालवायला बसल्या होत्या त्या वेळी. कुठे, तर आमच्याच ओसरीवर. चार बाप्यांनी तिला पाठमोरी बसवलं, अंबाडा सोडायला लावला, कान पुढे दुमडून धरायला लावला आणि कानामागचा व्रण बोट लावून तपासला. कशासाठी, तर तिच्या डोळ्याखाली डॉक्टरने लावलेली कातडी तिची स्वतःची आहे की मढ्याची, याची खात्री करून घ्यायला. तरुणपणी मी मिठागर कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहीत असे. तिथे मला शिकवलं होतं की आधी माणसाचं नाव सांग, मग वेळ सांग, रडगाणं नंतर. म्हणून नाव आणि वेळ सांगून टाकली. बाकीचं सावकाश सांगते. या वयात घाई करून जायचं कुठे आहे?

धवलारीण म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. आमच्या आगरी लोकांत तेव्हा लग्न भट लावत नसे, बाई लावत असे. मांडवाची उंबराची मेढ रोवण्यापासून ते नवरी सासरी निघेपर्यंत एकेका विधीचं गाणं असे, त्याला धवला म्हणायचं. धवलारीण गाऊन देवांना बोलवायची, गाऊन हळद लावायची, गाऊन पोरीला नवऱ्याच्या शेजारी बसवायची. तिने गायलं नाही तर हळद ओलीच राहिली असं समजत. पुस्तक नाही, कागद नाही, सगळं तोंडपाठ. आत्याला ही विद्या तिच्या मावशीकडून मिळाली होती. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ती आमच्याकडे परत आली. येताना एक पितळी तांब्या आणि ही गाणी, एवढंच घेऊन आली. आईच्या माघारी हिराला आणि मला तिनेच वाढवलं. आमच्या कुडाच्या घरात पहाटे मुसळाचा आवाज आणि त्यावर तिचं गुणगुणणं, हे ऐकतच आम्ही जाग्या होत असू. तव्यावर तांदळाची भाकरी फुगलेली, चुलीत सुकट भाजलेली, आणि धुरात उकिडवी बसलेली आत्या, एका हाताने भाकरी थापते आहे आणि दुसऱ्या हाताने पदराचं टोक डोळ्याला लावते आहे.

तो डोळा. त्याच्याबद्दल गोड बोलणं मला जमणार नाही, कारण तो बघायला किळसवाणा होता आणि तिलाही ते माहीत होतं. डाव्या डोळ्याची खालची पापणी बाहेरच्या बाजूला उलटली होती, खिशाचं अस्तर बाहेर यावं तशी. बाजारात मासा ताजा आहे का ते बघायला कल्ला उचलतो ना, आतून तो जसा लालबुंद असतो, तसा तो पापणीचा आतला भाग दिवसभर उघडा असायचा. पापणी बुबुळाला टेकतच नसे, त्यामुळे पाणी आत थांबत नसे, गालावरून सारखं ओघळायचं. गालाची कातडी त्या पाण्याने सोलवटलेली. झोपेतही डोळा पुरता मिटत नसे, खाली पांढरी फट दिसायची. सकाळी त्यात पिवळा चिकट मळ साठलेला असे. ती तो कोमट पाण्याने सोडवायची आणि माश्या तिच्याआधी जाग्या झालेल्या असायच्या. मिठागरावरचा वारा लागला की डोळा आणखी भडकायचा. मी तिच्या शेजारी झोपत असे. लहानपणी मी तिच्या उजव्या कुशीला झोपायचा हट्ट धरायची, आणि ती मुकाट्याने कूस बदलायची.

पापणी जन्मतः अशी नव्हती. तरुणपणी डोळ्याखाली एक मोठी रांजणवाडी झाली. सासूने शेजारच्या म्हाताऱ्याला बोलावलं आणि त्याने बिब्बा तापवून त्याचं तेल त्या जागी लावलं. बिब्ब्याचं तेल माणसाच्या कातडीला काय करतं हे धोब्याला विचारा, त्याने कापडावर घातलेली बिब्ब्याची खूण जन्मात जात नाही. आत्याचा गाल भाजला, पिकला, महिनाभर वाहिला, आणि बरा होताना आखडला. आखडलेली कातडी मग वर्षानुवर्षं पापणीला खाली ओढत राहिली. औषध देणारा म्हातारा मानाने मेला. त्याच्या दहाव्याला आत्याच धान्य पाखडायला गेली होती.

आता किळस कशाची ते सांगते. डोळ्याची नव्हे. सोयरे घरी आले की आत्याच्या हातचं कालवण कुणाला नको असायचं. खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण तिच्यासारखं आळीत कुणी करत नसे, पण आमचा एक मामा वाढून घेताना ताटावर आडवा हात धरायचा, थेंब पडेल म्हणून. तोच मामा दारू पिऊन ओसरीवर ओकायचा आणि ते धुवायला आत्याच लागायची. हळूहळू बायका बोलायला लागल्या की रडत्या डोळ्याने हळद लावली तर पोरीचा संसार रडत जातो. मग त्यांनी एक युक्ती काढली. युक्तीच म्हणते, कारण त्यांना त्या युक्तीचा अभिमान वाटत होता. आत्याला कुडाच्या पलीकडे, स्वयंपाकघरात बसवायचं. ती तिकडून गाणार आणि इकडे दुसरीच कुणीतरी चांगल्या डोळ्यांची बाई हळद लावणार. गळा पाहिजे, तोंड नको. आत्या जायची. मी तेव्हा मॅट्रिक होऊन युनियनच्या कचेरीत जायला लागले होते, अन्याय या शब्दाखेरीज मला दुसरं काही सुचत नसे. मी तिला विचारलं की तू कशाला जातेस त्यांच्याकडे. ती भाकरी उलटत म्हणाली, "गाना त्यांचा नाय गो मथे, देवांचा हाय. देव कुडाच्या आड बी ऐकतान."

युनियनच्या कचेरीत एक डॉक्टर अधूनमधून येत. मिठागरावर काम करणाऱ्यांचे पाय मिठाने फाटतात, त्यात जखमा होतात, त्या बघायला. एकदा आत्या माझा डबा घेऊन आली आणि डॉक्टरांनी माणसांच्या पायांवरून नजर उचलून तिच्या डोळ्याकडे पाहिलं. त्यांनी तिला उजेडात बसवलं, बोटाने गाल हलकेच वर ढकलला, आणि पापणी एकदम जागेवर गेली. बोट काढलं, पुन्हा उलटली. ते म्हणाले की हे दुरुस्त होतं, मुंबईला माझा मित्र करतो. आत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरी जाताना वाटेवर मात्र ती सारखी बोटाने गाल वर ढकलून बघत होती. मी पुढे चालत होते, पण मला कळत होतं.

बा नाही म्हणाला. माझा बाप वाईट माणूस नव्हता. मिठागरावर फळीने मीठ ओढून ओढून पाठ वाकलेला, सगळ्यांशी जमवून घेणारा माणूस होता, आणि जमवून घेणारी माणसं किती नुकसान करतात ते मी त्याच्याकडे बघून शिकले. त्याचं म्हणणं, आहे तेवढा डोळाही जाईल. मग काय करशील? आत्या म्हणाली, "मंग दुसरा हाय. आन् गला डोल्यात नाय माजा." आणि ती माझ्याबरोबर निघाली. उलव्याच्या बंदरावरून लाँच जात असे. चिखलातून गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून आम्ही होडीत चढलो आणि होडीतून लाँचवर. भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत तिने डोळ्यावर पदर धरला होता. लाँचवर एक बाई पोराला म्हणाली, तिकडे बघू नकोस. आत्याने पदर आणखी ओढला.

मुंबईचा डॉक्टर तरुण होता, ठेंगणा, आणि समजावून सांगायचा. त्याने आत्याला सांगितलं, "बाई, पापणीत दोष नाही. खालची कातडी आखडली आहे, ती पापणीला खेचते. मी ती सोडवणार. पापणी वर येईल, पण खाली जागा उघडी पडेल. तिथे कातडी लावायला लागेल."

"कोनाची?"

"तुमचीच. कानामागची. पातळ असते, पापणीसारखी."

"मंग कानाला थंडी वाजल."

तो हसला आणि म्हणाला की कानामागे शिवून टाकतो, तिथे कुणाचं लक्ष जात नाही. हे त्याचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं आहे. बिचाऱ्याला आमची माणसं माहीत नव्हती. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, की तुम्ही इतकी वर्षं पाणी वरून खाली पुसत आलात, त्यानेही पापणी ओढली गेली. पुसायचं तर खालून वर, नाकाकडे पुसा. इतकी वर्षं तिच्या त्या पदराला सगळ्यांनी नावं ठेवली होती, पण कसा पुसावा हे एकाने सांगितलं नव्हतं.

शस्त्रक्रिया तिला जागी ठेवूनच केली, डोळ्याभोवती सुया टोचून बधिर करून. तोंड हलवायचं नाही, बोलायचं नाही, गायचं तर नाहीच. मी बाहेर बाकावर बसले होते. त्या वॉर्डाचा वास मला अजून आठवतो. फिनेल, पू, उकळलेलं दूध आणि पन्नास माणसांची पांघरुणं. तिला बाहेर आणलं तेव्हा अर्धं डोकं पट्टीत होतं. वरची आणि खालची पापणी एकमेकींना शिवून ठेवली होती, नवी कातडी आकसू नये म्हणून, आणि डोळा काही आठवडे तसाच बंद राहणार होता. पट्टी बदलताना वाटी मी धरायची. रक्ताळलेला कापूस, पिवळं पाणी, टाक्यांचे काळे धागे. मी आत्याला विचारलं, दुखलं का. ती म्हणाली, "हलदीला बसलेली नवरी कशी बसते, तशी गत. सगली तोंडाला हात लावतान आन् आपुन नाक खाजवायची बी चोरी." इस्पितळातला दूधपाव तिला जात नव्हता. तिला सुकट पाहिजे होती. मी धक्क्यावरून आणून दिली तर वासाने सगळा वॉर्ड शिव्या द्यायला लागला. आत्या पट्टीआडून एका डोळ्याने सगळ्यांकडे बघत शांतपणे खात राहिली.

टाके काढले तेव्हा मी समोर होते. पापणी बुबुळाला टेकली होती. मिटायला सांगितलं, मिटली, पुरती मिटली. पांढरी फट नाही. डॉक्टरने आरसा दिला. तिने आरशात बघितलं आणि पदराचं टोक सवयीने डोळ्याकडे नेलं, पण पुसायला काही नव्हतं, म्हणून तो हात तसाच हवेत राहिला. मग तिने पदराने आरसाच पुसला आणि परत दिला.

डोळ्याखाली लावलेली कातडी रंगाने थोडी वेगळी होती. आत्याचं तोंड उन्हाने रापलेलं, काळं. कानामागच्या कातडीला जन्मात ऊन लागलेलं नाही, ती फिकी, गुलाबीसर. तेवढा बोटभर तुकडा तोंडावर उठून दिसे. पहिल्या दिवशी आळी बघायला लोटली. कौतुकही झालं. "कानामागून आली आन् तिखट झाली" असं एक शेजारीण म्हणाली आणि सगळ्या हसल्या, आत्याही हसली. पण तिसऱ्या कुणाचा तरी मेहुणा मुंबईच्या गोदीत होता. त्याने सांगितलं की मुंबईच्या इस्पितळांत बेवारशी मढी येतात, त्यांची कातडी काढून श्रीमंतांना लावतात. झालं. आत्या श्रीमंत नव्हती ही गोष्ट कुणालाही आडवी आली नाही. तळ्यावर धुणं धुता धुता बायकांनी हिशेब मांडला की लुगड्याला ठिगळ लावायचं तर ते दुसऱ्या जुनेराचं लावतात, त्याच लुगड्याचं कापून कोण लावतं? मग ही फिकी कातडी गोमाची कशी? कुणा गोऱ्या माणसाची असणार. मेलेल्या. आणि कुणाला ठाऊक कुठल्या जातीच्या. हे शेवटचं हळू आवाजात म्हणायचं, म्हणजे ते सगळ्यांना ऐकू जायचं. मढ्याचा तुकडा तोंडावर घेऊन फिरणारी बाई हळदीला हात कसा लावणार? डोळा रडत होता तेव्हा तिला कुडाआड तरी जागा होती. डोळा बरा झाला आणि ती जागाही गेली.

हे बोलणं खाडी ओलांडून ओवे गावाला पोचायला वेळ लागला नाही. हिराचं लग्न ओव्यातच ठरलेलं होतं. हिराने एकच गोष्ट मागितली होती, की माझी हळद आत्याच लावेल, आडून नाही, समोर बसून. आत्या महिनाभर आधीपासून मुसळ थांबवून थांबवून विसरलेल्या ओळी जुळवत होती. डोळा बरा झाल्यावर समोर बसून गाणार असं ते पहिलंच लग्न होतं. तिच्या दृष्टीने शस्त्रक्रिया मुंबईत पुरी झालीच नव्हती, ती हिराच्या मांडवात पुरी व्हायची होती.

हळदीच्या दुपारी हिराचा होणारा सासरा, ओव्याचा जोमा पाटील, आमच्या ओसरीवर येऊन बसला. बरोबर त्याचा भाऊ आणि आमच्या आळीच्या गावकीतले दोघे. पानसुपारी झाली. आत जात्यावर हळद दळून झाली होती, पाटाभोवती बायका बसल्या होत्या, आत्या नवं हिरवं लुगडं नेसून पाटावर बसायच्या बेतात होती. जोमा पाटलाने तिला बाहेर बोलावलं. त्याचा आवाज मोठा नव्हता. वाईट गोष्टी करणारी माणसं ओरडतात असं पत्रकं वाचून वाटतं, तसं काही नसतं.

"गोमाबाय, तुज्या गल्याला आमी नाव ठेवत नाय. पन ते कातडं कोनाचं ते कलायला पायजे. माज्या सुनेच्या अंगाला मढ्याची हलद नको."

"माजंच हाय. कानामागचं," आत्या म्हणाली.

"मंग दाव."

मी मध्ये पडले. म्हटलं, डॉक्टरला विचारा, मला विचारा, मी टाके काढताना समोर होते. आणि तपासायचंच तर तुमच्या पोरालाही तपासू, त्याच्या अंगावर काय काय आहे ते आम्हालाही कळू दे. जोमाचा भाऊ हसून म्हणाला, "पोरी, तू तुजं छापायचं बग." गावकीतले दोघे जमिनीकडे बघत होते. मी बापाकडे बघितलं. पोरीचं लग्न मोडतंय की काय या भीतीने त्याचं तोंड पडलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो बहिणीला म्हणाला, "दाव ना गो बाय. एवढंसं तं हाय. दावलं की झालं."

दावलं की झालं. पुढच्या आयुष्यात मी अनेक ठिकाणी ऐकलं हे वाक्य, पोलीस चौकीत, कचेऱ्यांत, इस्पितळांत, आणि दर वेळी बोलणारा भला माणूस होता. आत्याने भावाकडे बघितलं. मग ती ओसरीच्या कडेवर त्यांच्याकडे पाठ करून बसली, अंबाडा सोडला, केस पुढे घेतले आणि डावा कान दोन बोटांनी पुढे दुमडून धरला. मागे पांढरी आडवी रेघ होती, शिवणीच्या खुणांची. जोमा पाटील वाकला. त्याला ती रेघ दिसत होती, मला दिसत होती, ओसरीखालच्या कोंबड्यांना दिसत असेल. पण त्याने अंगठ्याला थुंकी लावली आणि तो व्रण घासून बघितला, चुन्याने काढलेला तर नाही ना म्हणून. दोनदा घासला. मग धोतराला अंगठा पुसला आणि म्हणाला, "हाय. शिवल्याची खून हाय. तिचंच हाय." गावकीतल्या एकाने लगेच पान मागितलं. आत बायका सुटल्यासारख्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, बस गो बाय आता पाटावर, झालं ना मनासारखं. हिरा अंगाला तेल लावून दारात उभी होती आणि तिने सगळं पाहिलं होतं.

आत्या न्हाणीत गेली. तिने कानामागे पाणी मारलं, राख लावून चोळलं, पुन्हा पाणी मारलं. मी तिला म्हटलं, ऊठ, आपण इथून जाऊ. लावू दे त्यांना लग्न.

"आन् हिरा?"

"हिराने बघितलंय."

"बगितलंय मनून तिला टाकून जाव?" तिने केस बांधले. "लगीन हिराचं हाय मथे. यांचं नाय."

ती पाटासमोर बसली आणि गायली. मला अजूनही वाटतं की तिने गायला नको होतं, आणि अजूनही मला माहीत आहे की तसं वाटायचा अधिकार मला नव्हता, कारण हळद हिराला लागायची होती. तिने देवांना बोलावलं, खाडीला बोलावलं, शिवेवरच्या वेताळाला बोलावलं, आमच्या मेलेल्या आईला नाव घेऊन बोलावलं. आळीतल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या की असा गळा आधी कधी लागला नव्हता. हळद लावताना हिराच्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं. आत्याच्या डोळ्यातून एक थेंब आला नाही. डॉक्टरचं काम चोख होतं. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, जेवणावळी उठल्या, ओव्याच्या माणसांनी मटणाला नावाजलं. शेवटी धवलारणीचा मान द्यायची वेळ आली. सुपात तांदूळ, नारळ आणि लुगडं घेऊन जोमा पाटील स्वतः उभा राहिला. हा मान पदर पसरून घ्यायचा असतो. आत्याने पदर खोचूनच ठेवला.

"काय गो, कमी पडला काय?" तो म्हणाला. चेष्टेनेच म्हणाला.

"तुमी माजं कातडं पायलंत, पाटील. आता गला ऐकलात तो शेवटचा."

लोकांना वाटलं, रुसली आहे, चार दिवसांनी येईल ताळ्यावर. उलट बोलावणी पूर्वीपेक्षा जास्त यायला लागली, कारण डोळा साफ झाला होता आणि कातडीची गावकीने खात्री केली होती. प्रत्येकाला ती सांगायची, गळा बसलाय. घरात मात्र मुसळावर तिचं गुणगुणणं चालू असे, दारात कुणी आलं की थांबायचं. ती भावाला भाकरी वाढत राहिली आणि तो खाली मान घालून खात राहिला. आळीत पनवेलहून भट यायला लागला, मग बॅण्ड आला, मग लाऊडस्पीकर. ही गाणी शिकायला आलेल्या दोन पोरींना तिने परत पाठवलं. मी याच्यावर पत्रक लिहिलं. कचेरीत म्हणाले की हा घरचा मामला आहे, याने समाजात फूट पडेल, मिठाच्या मजुरीचा लढा मोठा आहे. मोठा होताच. घरी आत्याला वाचून दाखवलं तर तिने पापणी पुरती मिटून ऐकलं आणि विचारलं, "आता माजा कान सगल्या पनवेलला दावतेस?" मी तो कागद चुलीत घातला. ती होती तोवर मी गप्प बसले. आता ती नाही, जोमा पाटील नाही, बा नाही, हिराही गेली.

आता का लिहिते तेही सांगते. मागच्या हिवाळ्यात हिराचा नातू माझ्याकडे आला. बिल्डर आहे, उलव्याला त्याच्या इमारती चालू आहेत, स्वभावाने चांगला आहे, माझी औषधं तोच आणतो. त्यांच्या मंडळाने धवलारणींचा गौरव ठेवला होता. मोठा हॉल, रंगीत दिवे, गोमाआत्याचा फोटो मोठा करून लावायचा होता, आणि मी तिच्यावर एक पान लिहून द्यायचं होतं. मी लिहून दिलं, वर लिहिलं आहे तेवढंच, थोडक्यात. छापून आलेल्या पुस्तिकेत होतं की वयोमानानुसार त्यांनी गायन थांबवले. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "आजी, पणजोबांचं नाव कशाला मध्ये? कार्यक्रमात बरं दिसत नाही. आणि आता ते सगळं होऊन गेलं ना." कार्यक्रमात एका मुलीने टॅबमध्ये बघून एक धवला म्हटला. ओळी चुकीच्या होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर ज्यांची पोरं-नातवंडं बसली होती, त्यांतले दोघे त्या दुपारी आमच्या ओसरीवर जमिनीकडे बघत बसले होते. मी जेवायला थांबले नाही.

वयोमानानुसार. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी प्रत्येकाच्या गावात, आळीत, घरात अशी एक म्हातारी आहे, जी एके काळी गायची, किंवा सुईणपण करायची, किंवा पंगतीचा स्वयंपाक रांधायची, आणि एके दिवशी तिने ते सोडलं. तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल की वय झालं. आज जा तिच्याकडे. फोन रेकॉर्डिंगला लावू नका आणि तिच्याकडे गाणं मागू नका. का थांबलीस, ते विचारा. ती पहिल्यांदा म्हणेल गळा बसला. बसून राहा, पुन्हा विचारा. आणि मग ती जे नाव घेईल ते तुमच्या आजोबांचं निघालं, तरी तिथून उठू नका. घरी येऊन ते नाव सगळ्यांसमोर मोठ्याने घ्या.